साठ दिवस आणि तीन पिढ्या

दोस्तहो, या अंकाच्या पहिल्या पानावर कविता टाकायचं ठरलं होतं. ती मागं सारलीय. गेले दोन महिने गोदीतल्या पाळीवरून सुटल्यावर मी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नावाचं एक रुक्ष बाड वाचतोय. मॅट्रिक झालेल्या माणसाला कळेल अशा भाषेत ते लिहिलेलं नाही. पण त्यातलं ४५वं कलम कळलं आणि झोप उडाली.

कलम काय म्हणतं? इमारत उभारायची, प्लॉट पाडायचे, तर नगरपालिकेकडे अर्ज करायचा. अर्ज नियमात बसणारा असला आणि नगरपालिकेनं साठ दिवसांत हो किंवा नाही काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी म्हणतात तिला. बाबूनं मध्येच काही कागद मागितला तर तो दिल्यापासून साठ दिवस मोजायचे, एवढाच फेर. कचेरी झोपली म्हणून अर्जदाराचं नुकसान व्हायला नको, इतकी माया कायद्याला आलीय. वाईट नाही. माया असावी.

आता दुसरा कायदा घ्या, माहितीच्या अधिकाराचा, २००५ सालचा. कलम ७, पोटकलम २. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती नाकारली असं मानायचं. पुढं अपील करता यावं म्हणून तसं लिहिलंय, हे मलाही कळतं. पण दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचा. एकच कचेरी, एकच टेबल, एकच बाबू, गालात तीच पुडी. तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं बिल्डरच्या फायलीवर 'हो' आणि आमच्या फायलीवर 'नाही'.

आणि तिसरी फाईल? जी राहत्या झोपडीचा पट्टा मागते, सरकारी गटावरची वस्ती नियमित करा म्हणते, तिला साठ नाहीत, तीस नाहीत. न दिलेल्या उत्तराचा अर्थ काय, हे तिच्यासाठी कुठंच लिहिलेलं नाही.

माझ्या घरचीच फाईल सांगतो. गाव कोणतं, कचेरी कोणती, ते लिहीत नाही. जालना जिल्ह्यातलं कुठलंही घ्या, फार फरक पडणार नाही. १९७८च्या जुलैत विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. तेव्हा जालना हा जिल्हाही नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९८१ला. आमचा आजा त्या सालात खेडं सोडून निघाला. आजी, दोन पोरं, एक शेळी, पत्र्याची पेटी. मोठ्या गावाच्या कडेला सरकारी पडीक होती, बाभळी आणि काटे. तिथं टेकला. त्यानं बाभूळ तोडली, बापानं कूड घातला, मायनं तो लिंपला. आज तिथं दीडशेच्या वर उंबरे आहेत, विहार आहे, निळा झेंडा आहे, घरपट्टी आहे, लाइटचं बिल आहे. मतदार यादीत नाव आहे, आणि निवडणुकीत ते बरोबर सापडतं.

आज्यानं पहिला अर्ज दिला. बापानं दुसरा, तिसरा, चौथा. माय म्हणते, पाचवा पण दिला होता, त्याची पोच मिळाली नाही. मी लहान असताना तिच्याबरोबर कचेरीत गेल्याचं आठवतं. बाहेर आल्यावर शेजारची मावशी विचारायची,

"काय म्हनला सायब?"

"काई नाई म्हनला."

"मंग?"

"मंग काई नाई. पुढल्या म्हैन्यात या म्हनला."

नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. नाही म्हणायला कारण लिहावं लागतं, सही करावी लागते, जावक नंबर टाकावा लागतो. त्या कागदावर अपील होतं, त्या कागदाची होळी करता येते. 'पुढल्या महिन्यात या' याची होळी कशी करणार? आपण समजतो की फाईल पडून आहे, निर्णय व्हायचाय. दोस्तहो, निर्णय झालेला आहे. उत्तर द्यायचं नाही हाच तो निर्णय. तीन पिढ्या तो रोज होतोय, आणि त्यावर सही कुणाचीच नाही.

सरकारनं मधल्या काळात तारखा दिल्या नाहीत असं नाही. तारखा द्यायला सरकार शूर. गायरान कसणाऱ्या भूमिहीनांसाठी २८ नोव्हेंबर १९९१चा शासन निर्णय निघाला: १४ एप्रिल १९९० पर्यंतचं दलित-आदिवासींचं अतिक्रमण नियमित करा. तारीख बाबासाहेबांच्या शताब्दी वर्षाची, म्हणजे नमस्कार पण झाला. १९५९ला आणि पुन्हा १९६४ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं पडीक जमिनीसाठी जी माणसं तुरुंगात गेली, त्यांच्या घामाचा तो उशिरा आलेला मोबदला. झोपडीसाठी वेगळ्या तारखा: आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग १ जानेवारी २०११. २०१८ साली सरकारी जमिनीवरची राहती अतिक्रमणं नियमित करायचे निर्णय निघाले, खेड्यासाठी एक, शहरासाठी एक, म्हणजे लोकांना घरकुल देता येईल. आमचा आजा १९७८चा. यातल्या प्रत्येक तारखेच्या परीक्षेत आम्ही पास आहोत, पहिल्या वर्गात. फक्त निकाल लागत नाही.

आणि निकाल नाही म्हणून पुढचं सगळं अडतं. रमाई आवास योजनेचा फॉर्म आणा, पंतप्रधान आवासचा आणा, स्वतःच्या जागेवर घर बांधायचं तर जागेचा कागद आधी मागतात. कागद नाही म्हणून घरकुल नाही. घरकुल नाही म्हणून पत्रा. पत्रा आहे म्हणून ती झोपडपट्टी. आणि झोपडपट्टी आहे म्हणून ती उठवायची. रमाईच्या नावानं योजना काढली. रमाईनं स्वतः गोवऱ्या थापून संसार केला. ती आज फॉर्म भरायला आली असती तर खिडकीवरचा माणूस तिलाही विचारता, बाई, सातबारा कुठाय?

आता कुणी म्हणेल, अतिक्रमण ते अतिक्रमण, बेकायदा ते बेकायदा. ठीक. मग गुंठेवारीकडे बघा. शेतजमिनीचे तुकडे पाडून, ले-आउट मंजूर न करता, रस्ता न सोडता प्लॉट विकले गेले. सगळं बेकायदा. त्यासाठी २००१ साली खास कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमित करायला. पुढं २०२१ला तो सुधारून तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. वीस वर्षांची वाढ! त्यात गरीब माणूसही आहे, पै पै साठवून गुंठा घेतलेला कामगार आहे, आपलेही लोक आहेत. त्यांचं घर वाचलं याचा मला आनंदच आहे. पण बेकायदेशीरपणा पैसे देऊन विकत घेतला तर त्याला मुदतवाढ आणि हातानं काटे उपटून जागा केली तर तो गुन्हा, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात? पिंपरी-चिंचवडच्या अनधिकृत बांधकामांचा शास्तीकर सरकारनं २०२३ला माफ केला. तेव्हा कुणी कायद्याचं राज्य बुडालं म्हणून छाती बडवली नाही.

त्याच्या एक वर्ष आधी, २०२२च्या ऑक्टोबरात, मुंबई हायकोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं त्या वर्षाअखेर काढायला सांगितली. सरकारनंच कोर्टाला आकडा दिला होता, दोन लाख बावीस हजारांच्या वर बांधकामं. गावोगाव नोटिसा निघाल्या. ज्या कचेऱ्यांना पट्टे द्यायला तीस-तीस वर्षं माणूस मिळत नव्हता, तिथं नोटीस लिहायला आठवड्यात माणसं मिळाली, झेरॉक्स मिळाली, घरोघर जाऊन चिकटवायला खळ मिळाली. मोर्चे निघाले तेव्हा सरकार फेरविचाराची भाषा बोलायला लागलं. घरं तूर्त वाचली. कागद मात्र तेव्हाही कुणी दिला नाही.

हे सगळं आजच का लिहायचं? कारण जमिनीला भाव आलाय.

जालना म्हणजे लोखंडाच्या भट्ट्या, बियाणं, आणि नळाच्या पाण्याची वाट बघणारी माणसं, एवढंच आत्तापर्यंत लोकांना ठाऊक. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तोच जालन्यातून. जून २०२५ला तो मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. दरेगाव-जवसगावला ड्राय पोर्टचं भूमिपूजन २५ डिसेंबर २०१५ला झालं. मी ज्या गोदीत डब्बे हलवतो त्या गोदीची कोरडी बहीण माझ्याच जिल्ह्यात! २०२३ला जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. बदनापूर, मंठा, घनसावंगी, जाफ्राबाद इथं आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. ग्रामपंचायत गेली की गावठाणाची भाषा जाते आणि विकास आराखड्याची येते. चहाच्या टपरीवर सुद्धा लोक बोलायला लागतात, अमका गट यलो झोनमध्ये आला, तमका ग्रीनमध्येच राहिला. नकाशावरचा रंग बदलला की एकराचा भाव बदलतो. आणि भाव बदलला की चाळीस-पन्नास वर्षं मुकी असलेली कचेरी एकदम बोलायला लागते. बोलते ती नोटिशीच्या भाषेत.

आमच्या वस्तीशी ती अशी बोलली. आराखड्यात वस्तीच्या मधून अठरा मीटरचा रस्ता दाखवलाय. कुणी पाहिला? कुणीच नाही. कायद्याच्या २६व्या कलमाप्रमाणं प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर करायचा, तीस दिवस हरकती घ्यायच्या. जाहीर झालं होतं. कुठल्या तरी पेपरच्या आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात. नकाशा कचेरीत लावला होता म्हणे. आमची माणसं त्या दिवसांत ऊसतोडीला, वीटभट्टीला. मी गोदीत. शेजारच्या ले-आउटवाल्याची हरकत मात्र वेळेत गेली, वकिलामार्फत. रस्ता आधी त्याच्या कुंपणातून जात होता असं आता लोक म्हणतात. मी नकाशाच्या दोन्ही प्रती पाहिल्याशिवाय तसं छापणार नाही. पण दोन्ही प्रती मागितल्यात. तीस दिवस होऊन गेले. म्हणजे माहिती 'नाकारली' असं मानायचं.

मी मायला साठ दिवसांचं कलम वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "आपल्याला पन हायत का रं साठ दिवस?"

काय सांगणार?

गोदीतला आमचा एक नियम तुम्हाला सांगतो. जहाजातून डब्बा उतरला की त्याला काही दिवस फुकट ठेवतात. मुदत संपली की डॅमरेज चढतं, दिवसाला दिवस. ज्याचा डब्बा तो भरतो, म्हणून तिथं डब्बा कुणी विसरत नाही. लोखंडाच्या रिकाम्या खोक्याला जी किंमत आहे ती माझ्या आज्याच्या अर्जाला नाही. अर्ज पडून राहिला तर भरतो कोण? आम्हीच. पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखाली.

सभागृहाचं म्हणाल तर ते काही फार वेगळं नाही. ज्यानं पालिकेची सभा एकदा तरी गॅलरीतून पाहिलीय त्याला माहीत आहे: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. आणि शेवटी 'ऐनवेळचे विषय'. अजेंड्यावर नसलेली गोष्ट त्या फटीतून आत येते आणि टाळ्या वाजायच्या आत मंजूर होते. आमच्या पट्ट्यांचा विषय ऐनवेळी कधी आला नाही. तो अजेंड्यावरही नसतो. मध्ये तर काही वर्षं सभाच नव्हती. मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसला. ठराव करणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. सुप्रीम कोर्टानं मे २०२५ला कान धरला तेव्हा निवडणुका लागल्या. जालना महापालिकेची पहिली निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ला. आता नगरसेवक आलेत. आपल्यातलेही आलेत, हार घातलेले, फ्लेक्सवर हात जोडलेले. त्यांना मी एकच विचारतो: पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या वॉर्डातल्या सरकारी जमिनीवरच्या वस्तीचा विषय अजेंड्यावर लेखी दिलात का? दिला असेल तर पोच दाखवा, पुढच्या अंकात छापतो, फोटोसकट.

जुनी माणसं सांगतात, जालन्याच्या नगरपालिकेची कचेरी मस्तगडात भरायची, १७२५ सालच्या किल्ल्यात. किल्ल्यात बसून कारभार करायची सवय किल्ला सोडल्यावरही जात नाही.

आणि ठराव झाला म्हणजे मिळालं, असंही नाही. हा धडा आपल्याला महाडनं दिलाय. १९२३ला मुंबई विधिमंडळात बोलेंचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ला चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं तीन वर्षं उघडं होतं आणि एक ओंजळ पाणी कुणाला मिळालं नव्हतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले. तेव्हा नगरपालिकेला जाग आली. जाग आल्यावर तिनं काय केलं? ऑगस्ट १९२७ला आपलाच ठराव रद्द केला! कोर्टातला निकाल हायकोर्टापर्यंत जाऊन लागला १९३७ला. बाबासाहेब तळ्यावरही गेले आणि कोर्टातही लढले, कागदाला कागद लावत, दहा वर्षं. आपण त्यातला तळ्याचा दिवस साजरा करतो. दहा वर्षांची फाईल विसरतो.

मुंबईकर वाचक म्हणतील, आमच्याकडे तर पुनर्विकास होतोय. होतोय. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या ज्या बीडीडी चाळींत पँथरच्या पोरांची डोकी फुटली, तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ला पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ फुटांत आयुष्य काढलेली माणसं ती. त्यांना मनापासून जयभीम. पण वरळीची जमीन सोन्याची आहे; तिथं उरलेल्या जागेवर टॉवर विकता येतो, म्हणून फाईल हलते. जालन्याच्या कडेच्या बाभळबनात टॉवर कुणाला नको होता, म्हणून ती हलली नाही. आता रस्ता आला आणि ती हलतेय, उलट्या दिशेनं.

एक फसवी आशा आधीच मोडतो. १३ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टानं बुलडोझरला लगाम घातला: पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह हुकूम. चांगला निकाल, पाठ करावा असा. पण त्याच निकालात अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइनलगतची जागा, नदी, पाणवठा अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. नकाशात वस्तीवर एकदा रस्त्याची रेघ पडली की तुम्हाला त्या अपवादात ढकलायला पालिकेचा वकील किती वेळ घेईल? म्हणून लढाई बुलडोझर आल्यावरची नाही. रेघ पडते त्या तीस दिवसांतली आहे.

इथं मला आपल्यालाच शिव्या द्यायच्यात. मी झोपडीवर सात कविता लिहिल्या. त्यातली एक तुम्ही उचलून धरली, सभेत म्हणायला लावली, टाळ्या दिल्या. आराखड्याची नोटीस मी एकदाही वाचली नाही. आपली पोरं पोस्टर लिहितात, जयंतीला डीजे लावतात, रात्रभर कांबळे-सोनवणे-जाधव गटबाजीचा काथ्याकूट करतात. वस्तीचा गट नंबर विचारा, दहातल्या नऊ जणांना येत नाही. आधी मलाही येत नव्हता. मायला पाठ होता.

तर आता काम. पुढच्या रविवारपासून चार रविवार, संध्याकाळी पाचला, विहाराच्या ओट्यावर आपण नकाशे उघडणार आहोत. ज्यांची वस्ती सरकारी गटावर आहे त्यांनी गट नंबर घेऊन यायचं. इंजिनिअरिंगला असलेल्या दोघांनी नकाशा वाचून दाखवायचं कबूल केलंय, एलएलबीच्या एका पोरीनं हरकतीचा मसुदा करून दिलाय, साधा, दीड पानी. प्रत्येक घराचा वेगळा अर्ज जाईल, बाईच्या नावानं, दोन प्रतींत. आवक नंबर आणि शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बाबू म्हणाला ठेवून जा, तर जायचं नाही, तिथंच बसायचं, डबा घेऊन. साठाव्या दिवशी सगळ्या बायका एकदम त्याच खिडकीवर जातील आणि विचारतील, आमच्या गप्प बसण्याचा तुम्ही काय अर्थ मानला होता?

येताना घरपट्टीची जुन्यात जुनी पावती आणा. उंदरानं कुरतडलेली असली तरी चालेल, तारीख दिसली पाहिजे.